शेवळं कशी शोधतात

जूनमधला पहिला चांगला पाऊस पडून चार दिवस झाले की ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळ फुटपाथच्या कडेला जुड्या दिसू लागतात. जांभळट-तपकिरी, वीतभर लांब, वर निमुळत्या होत गेलेल्या कोंबांसारख्या. शेजारी पोपटी रंगाची, बोराएवढी आंबट फळं. येऊरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या बायका हे सगळं पहाटे गोळा करून आणतात. जुडीला शेवळं म्हणतात, फळांना काकडं. दोन्ही बरोबरच घ्यायची. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडांचा किंवा चिंचेचा आंबटपणा पडला नाही तर घसा असा खाजतो की नको ती भाजी.

अशीच एक जुडी घेऊन मी माजिवड्यातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले. नागपूरहून नुकत्याच राहायला आलेल्या एक काकू आत होत्या. "हे काय आणलं हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. "शेवळं," मी म्हटलं. माझा मजला येईपर्यंत काकूंनी मोबाइलवर शोधूनही पाहिलं होतं. पडद्यावर तळ्यातल्या पाण्यावरचा हिरवा थर होता. शोधयंत्राने 'शेवळं'चं परस्पर 'शेवाळ' करून टाकलं होतं. काकूंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या पिशवीकडे, आणि 'काय दिवस आलेत बिचारीवर' अशा नजरेने माझ्याकडे.

इंटरनेटवर एखाद्या अरुंद विषयावर लिहिणाऱ्याची सगळी अडचण त्या लिफ्टमध्ये होती. माहिती उपलब्ध होती. मीच चार वर्षं पावसाळी रानभाज्यांवर लिहीत होते. विचारणारीही होती, आणि तिला आत्ता, या क्षणी उत्तर हवं होतं. मधला शब्द तेवढा जुळला नाही. या धंद्यातले लोक त्या मधल्या शब्दाला 'कीवर्ड' म्हणतात. मी शोधशब्द म्हणेन.

माझ्या पहिल्या लेखाचं शीर्षक होतं 'वर्षाऋतूतील दुर्लक्षित वनभाज्या'. लिहिताना फार बरं वाटलं होतं. पण 'वनभाजी' हा शब्द मी स्वतः बाजारात कधी उच्चारला होता का? कुणीच उच्चारत नाही. मंडईत रानभाजी म्हणतात, नाहीतर 'पावसाळ्यातल्या त्या भाज्या'. मी लेखिका म्हणून लिहीत होते आणि लोक गिऱ्हाईक म्हणून शोधत होते. लेख वाचले गेले ते माझ्या नातेवाइकांकडून, तेही मी दुवा पाठवल्यावर.

यावरचं सगळ्यात नेमकं बोलणं मला संगणकाच्या पुस्तकात सापडलं नाही. ते चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. तिथे म्हटलंय की रानातल्या वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी. पण नाव आणि रूप कळलं म्हणजे ती वनस्पती कळली असं नाही, तिचा योग, म्हणजे ती कशासाठी आणि कशी वापरायची, हेही कळावं लागतं. नाव, रूप, योग. शोधखिडकीत लोक जे काही टाइप करतात ते या तिन्हींपैकी एकात बसतं, हे मला पुढे वही भरताना लक्षात आलं.

नावापासून सुरुवात करू, कारण तिथे गुंता सर्वांत जास्त आहे.

ठाणे-मुंबईत आपण कंटोळी म्हणतो ती काटेरी हिरवी फळभाजी कोकणात करटोली होते आणि विदर्भात काटवल. गुजराती शेजारणी तिला कंकोडा म्हणतात. आपला टाकळा विदर्भात तरोटा, आयुर्वेदाच्या पुस्तकात चक्रमर्द. फोडशीला कुठे कुलू म्हणतात, कुठे कुलीची भाजी. घोडबंदर रस्ता, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि नाशिककडचा महामार्ग जिथे भेटतात त्या माजिवड्यासारख्या ठिकाणी हे नुसतं भाषाशास्त्र राहत नाही. एकेका इमारतीत पाच-सहा जिल्हे आणि तीन-चार राज्यं राहतात. एकाच भाजीसाठी तिसऱ्या मजल्यावर एक शब्द टाइप होतो आणि अकराव्यावर दुसरा.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा तोडगाही जुना. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला; तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर वनस्पतींची नावं रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांमध्ये दिली आहेत. नागरीतली नावं कोकणी आहेत. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्या कामात मदत केली होती, आणि त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्रही ग्रंथात छापलेलं आहे. एक झाड, एक चित्र आणि ते ज्या ज्या नावाने कुणी शोधत येईल ती सगळी नावं त्याच पानावर. आजही याहून चांगला उपाय नाही. माझ्या कंटोळीच्या पानावर पहिल्या दोन-तीन वाक्यांतच करटोली, काटवल, कंकोडा येतात, आणि ती यादी म्हणून न येता 'नागपूरकडे हिलाच काटवल म्हणतात' अशी बोलण्यात येतात.

इथे एक मोह होतो: प्रत्येक नावासाठी वेगळं पान करायचा. मी केला होता. चार पानं, एकच पाककृती, नावं तेवढी बदललेली. चारही पानं एकमेकांच्या पायात पाय घालून पडली. याहून वाईट प्रकार १९९०च्या दशकात सर्रास चालायचा. तेव्हाची शोधयंत्रं बरीचशी शब्द मोजत. म्हणून लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचे. पानाच्या पोटात 'कीवर्ड' म्हणून लपवायच्या यादीचीही तीच गत झाली. क्रम ठरवताना ती यादी आपण बघतच नाही, असं गूगलने २००९ साली जाहीर सांगून टाकलं. तरीही ती भरून देण्याचे पैसे घेणारे लोक मला त्यानंतर भेटलेले आहेत.

मराठीत नावाच्या गुंत्याला आणखी दोन गाठी आहेत. पहिली व्याकरणाची. 'शेवळं' हा शब्द तसाच्या तसा क्वचितच शोधला जातो. लोक शोधतात 'शेवळाची भाजी', 'शेवळांचं कालवण', 'शेवळ्याची रेसिपी'. टाकळा शोधताना 'टाकळ्याची' होतो, कंटोळी 'कंटोळ्यांची'. विभक्ती लागली की आपल्याकडे शब्दाचं अंगच बदलतं. इंग्रजीसाठी घडवलेली मोजमापाची साधनं या रूपांना बहुधा वेगवेगळे शब्द समजतात, आणि मग एका मोठ्या मागणीचे पाच बारके तुकडे दिसतात. हाताने बेरीज करावी लागते. लिहिताना मात्र याचं दडपण घेऊ नये; सरळ मराठी लिहिलं तर ही सगळी रूपं आपोआप पानात येतात. भाषांतरासारखी ताठ मराठी लिहिणाऱ्याच्या पानात ती येत नाहीत.

दुसरी गाठ लिपीची. 'ॲसिडिटी'मधला ॲ घ्या. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र एकीकडे एक चिन्ह आणि दुसरीकडे दोन. मोठी शोधयंत्रं असले फरक बरेचसे पोटात घालतात, पण आपल्याच संकेतस्थळावरची साधी शोधखिडकी तेवढी उदार असेलच असं नाही. त्यात पुष्कळ लोक मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. तिथे ळ नाही. शेवळा आणि शेवला एकच, टाकळा आणि टाकला एकच. म्हणून पानाच्या पत्त्यात, म्हणजे दुव्यात, मी रोमन अक्षरांतलं नाव ठेवते. लोक ते लिहितात तसंच, कुठल्याही विद्वान लिप्यंतराच्या नियमाने नाही.

गावांच्या नावांचंही तेच. आमचं माजिवडा कुणी माजिवाडा लिहितं, कुणी माजीवाडा. १८८२च्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचं नाव 'ठाणा' आहे, आणि १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली तेव्हा साहेबाच्या कागदांत ते 'टान्ना'च्या जवळपासचं काहीतरी होतं. पण शोधशब्दात गाव घालताना स्पेलिंगपेक्षा त्याच्या आकाराचा विचार आधी करावा. 'माजिवड्यात शेवळं' असं कुणी शोधत नाही. माजिवड्यात राहणारी व्यक्तीसुद्धा 'ठाण्यात शेवळं कुठे मिळतात' असं विचारते. दुकान, दवाखाना, शिकवणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नाका आणि कॉलनीसुद्धा कामाची ठरते. भाजीसाठी माणूस शहर धरून विचार करतो, फार तर मंडई.

आता रूप. ज्याला नावच माहीत नाही त्याने काय टाइप करायचं?

ठाण्यातच १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. अशा कुठल्याही जुन्या ग्रंथालयाच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिलं की लक्षात येतं, लोक पुस्तक नावाने फार कमी मागतात. 'ते हिरव्या पुठ्ठ्याचं', 'कोकणातल्या एका वाड्याची गोष्ट आहे ते', 'मागच्या वेळी त्या बाईंनी नेलं होतं ना, तेच'. खिडकीतला माणूस क्षणभर छताकडे बघतो आणि आतून बरोबर ते पुस्तक आणतो. वाचकाच्या तोंडचा शब्द आणि सूचीतला शब्द यांच्यामध्ये तो दुभाषा असतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते सूत्र या खिडकीतल्या माणसालाच उद्देशून लिहिल्यासारखं वाटतं.

आपल्या पानाला असा दुभाषा नाही, म्हणून त्याचं बोलणं आपणच लिहून ठेवायचं. लिफ्टमधल्या काकूंनी माझ्याकडून नाव ऐकलं नसतं तर त्यांनी काय शोधलं असतं? 'जांभळ्या कोंबासारखी भाजी'. 'पावसाळ्यात मिळणारी भाजी नाव'. कुरडूसाठी 'लांबट पानांची, गुलाबी तुऱ्याची भाजी'. हल्ली फोटो काढूनच शोधतात हे खरं, पण फोटोखाली आपण 'भाजी १' लिहून सोडून देणार असू तर त्याचा उपयोग अर्धाच. माझ्या फोटोंखाली आता रंग, लांबी, शेजारी काय ठेवलेलं असतं, सगळं लिहिलेलं असतं.

इथे एक ताकीद द्यायलाच हवी. रानात शेवळासारखे दिसणारे त्याच कुळातले दुसरे कोंबही उगवतात. रूप शोधत आलेल्या वाचकाला 'हीच ती' असं छातीठोक सांगणारं पान लिहिण्याआधी लिहिणाऱ्याने निदान एक पावसाळा जाणत्या बाईबरोबर काढावा. ओळख पटवून देणारं वाक्य कितीही शोधलं जात असलं तरी मी रानात जाऊन तोडायला कुणाला सांगत नाही. विकणारीकडून घ्या एवढंच सांगते.

उरला योग, म्हणजे नड. यात सर्वांत कस लागतो आणि साधनांची मदत इथेच सर्वांत कमी होते.

साधनं वाईट नाहीत. जाहिरातदारांसाठी असलेला गूगलचा कीवर्ड प्लॅनर महिन्याला साधारण किती शोध होतात ते सांगतो, पण जाहिरातीवर पैसे न टाकणाऱ्याला '१० ते १००' असे ढोबळ पट्टेच मिळतात. ट्रेंड्समध्ये ० ते १०० असा आलेख येतो. तो १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, त्या काळातला सर्वोच्च बिंदू. शोधखिडकीत अर्धा शब्द लिहून थांबलं की खाली सूचना उघडतात, त्या या सगळ्यांपेक्षा बोलक्या. पण 'शेवळं' लिहून पाहा. प्लॅनर गप्प, ट्रेंड्स म्हणतं पुरेशी माहिती नाही, सूचनांत शेवाळ. इथे माझ्यासारखे नवखे विषय सोडून देतात आणि 'वजन कमी करण्यासाठी भाज्या' लिहायला घेतात, कारण तिथे आकडे मोठे दिसतात.

त्या गप्प बसण्याचा अर्थ 'कुणी शोधत नाही' असा होत नाही. केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक साधी वाटणारी कल्पना मांडली: एखादा शब्द जितक्या कमी कागदांत आढळतो तितकं शोधताना त्याचं वजन जास्त धरावं. 'भाजी' लाखो पानांवर आहे, म्हणून तो शब्द जुळला तरी काही कळत नाही. 'काकडं' मोजक्या पानांवर आहे. तो जुळला तर शोध जवळपास संपलाच. शोधयंत्रं आज याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण तो पाया राहिला आहे, आणि अरुंद विषयाच्या लेखकाला तो फायद्याचा आहे. त्याचे शब्द मुळातच दुर्मीळ असतात. शिवाय दररोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच झालेले नसतात, असं गूगल अनेक वर्षं सांगत आलंय. जो प्रश्न आजवर कुणी विचारलाच नाही त्याचा आकडा कुठलं साधन देणार?

म्हणून मी वही घेतली. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, आठवडाभर, सकाळी जांभळी नाक्यावरच्या ओळखीच्या मावशींच्या शेजारी पाटावर बसले. आधी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बस की बाय, पन गिऱ्हाइकाच्या मधी बोलू नको." गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, शुद्ध करायचं नाही, एवढा एकच नियम. 'खाजणार नाय ना?' 'काकडं किती घालायची एका जुडीला?' 'आतलं पिवळं काढून टाकायचं ना?' 'कोळंबी नसेल तर वालाबरोबर चालतील?' 'साफ करून देता का?' 'फ्रिजमध्ये किती दिवस राहतात?' 'हिंदीत काय म्हणतात?' शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारला. तिला दिल्लीच्या सासूला फोनवर सांगायचं होतं. पुढे एक दिवस कल्याणच्या बाजारात बसले तर तिथे सुकटीबद्दलचे प्रश्न जास्त निघाले.

नाव या प्रश्नांत फारसं येतच नाही, कारण जुडी समोर असते. येते ती भीती, प्रमाण, पर्याय, वेळ. घरी गेल्यावर हीच माणसं मोबाइलकडे वळतात तेव्हा हाच प्रश्न नाव जोडून विचारतात: 'शेवळं खाजू नये म्हणून काय करावे'. २०१७ साली मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आली तेव्हापासून अशी पूर्ण वाक्यं वाढलीत, असं माझ्या पानांपुरतं तरी दिसतं. हाताला पीठ लागलेलं असताना माणूस कीवर्ड बोलत नाही, प्रश्न विचारतो. माझ्या शेवळांच्या पानावरचे उपमथळे आता जवळजवळ त्या वहीतलेच आहेत. 'नाय'चं 'नाही' केलं, तेवढंच.

एका प्रकारचे शोधशब्द मी जाणूनबुजून सोडून देते. 'मधुमेह बरा करणारी रानभाजी', 'कॅन्सरवर रामबाण'. असे शोध होतात, आणि त्या शब्दांवर माणसं येतातही. आपल्याकडे मधुमेह आणि कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पाककृती लिहिणाऱ्याला तो लागू होवो न होवो, घाबरलेल्या माणसाच्या शोधावर टाकळ्याची जुडी ठेवायची माझी तयारी नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. रानभाज्यांचे शोध पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर ओसरतात. शेवळं तर पान फुटण्याआधीचा फुलोरा, दोन-तीन आठवड्यांचाच खेळ. पहिला पाऊस बघून लिहायला बसलं तर शोधयंत्राला पान सापडून ते वर येईपर्यंत बाजारात भारंगी आलेली असते. म्हणून शेवळांवर एप्रिलमध्ये हात फिरवायचा, आणि दरवर्षी नवं पान न करता जुन्याच पत्त्यावर.

आणि पान झाल्यावर सर्च कन्सोल उघडायचं. कुठल्या शब्दांवर आपलं पान लोकांना दिसलं ते तिथे कळतं. अगदी तुरळक विचारले गेलेले शब्द खाजगीपणासाठी त्यात लपवलेले असतात, तरी बाजारातल्या वहीची खरी दुसरी बाजू हीच. मागच्या जूनमध्ये त्या यादीत खाली एक ओळ दिसली: 'शेवळं खाल्ली घसा खाजतोय लवकर उपाय'. माझं पान तिथे दिसलं होतं, पण उघडलं कुणी नव्हतं. उपाय पानात होता, पण साफ कशी करायची, काकडं किती, कोळंबी कधी घालायची हे सगळं झाल्यावर, सगळ्यात तळाशी. कोकम, चिंचेचं पाणी, काहीतरी आंबट तोंडात धरा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ओठ-जीभ सुजत असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

त्या रात्री तो परिच्छेद उचलून पानाच्या अगदी वर, फोटोच्याही आधी नेला. मथळा दिला, 'शेवळं खाल्ली, घसा खाजतोय?'